चाळीस जोड्या

त्या संगीत विद्यालयात चौदा पियानो होते, आणि बावीस वर्षं त्या चौदांचीही दुखणीखुपणी एकाच बाईच्या कानाला ठाऊक होती. तिचं खरं नाव हजेरीपटापुरतं. सगळे तिला सूरवालीच म्हणत. दोन तारा एका सुराला आल्या नाहीत की त्यांच्यात बारीक थरथर उठते, आणि किल्लीने तार ताणत ताणत ती थरथर विझवायची, एवढंच तिचं काम. पण भल्याभल्या वादकांनी हात टेकावेत असं.

मग विद्यालयाच्या डोक्यात खूळ शिरलं, की गाणं, वैद्यक आणि यंत्र असं तिन्ही एकाच चुलीवर शिजवायचं. मेंदूचा डॉक्टर आला, यंत्रवाली आली, तळमजल्यावर आवाज गिळणारी खोली झाली. भिंतींना स्पंजाचे सुळे, हातभर जाड दार. आत बसलं की आपलंच रक्त कानात वाहताना ऐकू यावं.

पहिल्याच दिवशी डॉक्टर म्हणाला, "तुमचा कान मोजायचाय, बाई. खरा ठरला तर नोकरीचं नवं पत्र. नाहीतर पियानो लावायला यंत्र आहे."

"ते चहा मागत नाही, हेही सांगा की."

तो हसला नाही. घरी जाऊबाई मात्र पोळपाट-लाटण्यासकट हसली. "बावीस वर्षं कान दिलास, आता मुळासकट उपटून घेतायत होय?"

रोज चाळीस जोड्या. आत खुर्ची, पुढ्यात एक बटण. दोन सूर वाजत, हळूहळू एकमेकांकडे सरकत. थरथर विझली की बटण दाबायचं, आणि काचेपलीकडे कागदाच्या पट्टीवर रेघ उमटायची.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरने पट्टी तिच्यापुढे टाकली. "दोनदा का दाबता?"

"एकदाच दाबते मी."

पण रेघा जोडीजोडीने होत्या, खोटं कशाला बोला. दुसरी रेघ तिने लगेच ओळखली. थरथर विझल्यावर क्षणभर थांबून, खात्री करून मगच दाबायची तिची जुनी सवय. पहिली रेघ मात्र कशासाठीच थांबलेली नव्हती. थरथर जिथे विझली होती, नेमकी तिथेच होती. यंत्रवालीने बटण बदललं, वायरी बदलल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि सूरवालीच्या मनात जे सलत होतं ते हे, की ती पहिली रेघ तिच्यापेक्षा सरस होती.

म्हणून पाचव्या दिवशी तिने यंत्राचा लबाडपणा उघडा पाडायचं ठरवलं. आत गेली, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली, आणि एकदाही बटणाला बोट लावलं नाही. सूर येत राहिले. प्रत्येक जोडीत थरथर विझायच्या जरा आधी, अगदी जवळ, कुणीतरी श्वास रोखत होतं. तिने स्वतःचा रोखून पाहिला. तरीही ऐकू आला.

बाहेर डॉक्टर पहिल्यांदाच हसला. "चाळीसपैकी चाळीस! आणि आज एकेकच रेघ."

"मी हातही लावला नाही, डॉक्टर."

"हातातोंडाशी आलेला घास असा थुंकू नये, बाई," तो थंडपणे म्हणाला. "पत्र उद्या मिळेल."

दुसऱ्या दिवशी सूरवाली खोलीत गेलीच नाही. सरळ डॉक्टरच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आज मी इथेच थांबते. बघू दे तरी, कोणाचं बोट मोजता ते."

डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, आगंतुकाकडे पाहावं तसं. "बाहेरच्यांना इथे मनाई आहे," एवढं बोलून तो माईककडे वळला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "सूरवालीबाई, बसलात ना नीट? सुरू करू या?"

काचेपलीकडे रिकामी खुर्ची होती. पट्टी सरकू लागली. पहिली रेघ उमटली. मग दुसरी, तिसरी.

"झकास," डॉक्टर माईकमध्ये म्हणाला. "पत्र तयार आहे. सही तिथेच, आत, करून घेतो तुमची."

"अहो, मी इथे आहे!" सूरवाली ओरडली. "इकडे बघा! बावीस वर्षं..."

यंत्रवालीने पट्टीवरून नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," ती म्हणाली. "त्यांचा कान फार तिखट आहे."