भेटीच्या पेटीतलं चीज

"शनिवारी संध्याकाळी साहेब येतायत, बायकोला घेऊन," बुटांची नाडी सोडता सोडता नवऱ्याने सांगितलं. "तू ते गरम चीज करतेस ना, पाव बुडवून खायचं? तेच कर. साहेबांना फार आवडायचं."

तिने हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं. आतल्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "काय पडलं गं?"

"काही नाही आई. तुमचा मुलगा बोलला."

राग यायला कारण होतं. चीजच्या कारखान्यात ती अकरा वर्षं तपासनीस होती. माल बाहेर पडण्याआधी प्रत्येक लॉटमधला तुकडा हुंगायचा, चाखायचा, आणि नोंदवहीत 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहून खाली सही करायची, हे तिचं काम. सगळे तिला नाकबाई म्हणायचे आणि तिलाही ते आवडायचं. नवरा त्याच कारखान्यात स्टोअरकीपर होता.

आठ महिन्यांपूर्वी शीतगृह दोन दिवस बंद पडलं. आतला माल घामेजला. नाकबाईने तीनशे लाद्यांपुढे 'अयोग्य' लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून वही पुढे सरकवली. "एक अक्षर खोडायचंय फक्त." तिने नाही म्हटलं. पंधरा दिवसांनी तिला घरी पाठवलं. कारण काय, तर सर्दीनंतर तुमचं नाक पूर्वीसारखं राहिलेलं नाही.

त्याहून जास्त झोंबलं ते वेगळंच. त्या दिवशी घरी आल्यावर ती रडत होती, तेव्हा नवरा म्हणाला होता, "असेलही. वयोमानाने होतं असं." आणि आता तो त्याच माणसाला तिच्या हातचं खायला बोलावून बसला होता, कारण मुख्य स्टोअरकीपरची जागा रिकामी होणार होती.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग कळत होतं की तुला!"

त्याने पेपर उघडला. त्याची ही जुनी खोड. भांडण अंगावर आलं की पेपरात डोकं घालायचं.

शुक्रवारी ती तयारीला लागली. चीज विकत आणायची गरज नाही, नवऱ्याने सांगून ठेवलं होतं. त्या आठवड्यात कारखान्याने प्रत्येक कामगाराला भेट म्हणून एकेक पेटी दिली होती, वर लाल फीत बांधून. एक लादी त्याने आल्या दिवशीच फोडून आईला पावावर घालून दिली होती. सासूबाई पुढचा अख्खा दिवस पोट धरून पडून होत्या. "या वयात जड पडतं," असं त्यानेच निदान केलं होतं.

तिने दुसरी लादी बाहेर काढली. वेष्टण सोडायच्या आधीच तिचा अंगठा लेबलवर थांबला. कडेला कागद जाड लागत होता. ओलं फडकं फिरवून तिने टोक उचललं, तर वरचं लेबल अर्ध्यापर्यंत अलगद सुटून आलं. खाली दुसरं लेबल होतं, जुन्या तारखेचं, आणि त्यावर तिने 'अयोग्य' ठरवलेला तोच लॉट नंबर. तो नंबर तिला झोपेतही आठवला असता. वेष्टणाची एक बाजू सोडून तिने लादी नाकाशी धरली. ओल्या गोणपाटासारखा वास, त्यामागे कडवटपणा. नाक शाबूत होतं.

ती स्टुलावर बसली. रागाने कानशिलं तापली होती. हाच माल, आणि तो यांनी आपल्याच माणसांच्या घरी पाठवला. फीत बांधून! तिच्यासोबत पॅकिंगला बसणाऱ्या बायका आज तो पोरांच्या डब्यात घालत असतील. तिने एकीला फोन लावला आणि पेट्या कुणी उघडू नका, सगळ्यांना सांग, असं बजावलं. लादी पिशवीत गुंडाळून फ्रीजमध्ये वेगळी ठेवली. मग चपला घालून दुकानात गेली आणि ताजं चीज घेऊन आली. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, छापण्यात चूक झाली असेल.

शनिवारी सहाला पाहुणे आले. साहेबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्यांची बायको साधी, बोलकी होती. ती थेट स्वयंपाकघरातच आली. "मला दाखवा ना कसं करता. माझं दरवेळी फुटतं, वर तेल तरंगतं."

हिच्यावर कशाला राग काढायचा? नाकबाईने लसणाची पाकळी कापून जाड बुडाच्या भांड्याला आतून चोळली, दूध ओतलं, गॅस अगदी बारीक केला. किसलेल्या चीजला आधीच चमचाभर कॉर्नफ्लॉवर चोळून ठेवलं होतं. ते ती मूठमूठ टाकू लागली. एक मूठ विरघळली की दुसरी. "घाई केली, उकळू दिलं, की फुटलंच समजा," ती म्हणाली. शेवटी चमचाभर मोहरीची पेस्ट आणि मिरपूड घातली. भांडं कढत पाण्याच्या परातीत ठेवून तिने ते बाहेर टेबलावर नेलं. भोवती भाजलेल्या पावाचे तुकडे, उकडलेले छोटे बटाटे, गाजराच्या कांड्या.

"वा वहिनी!" साहेब हात चोळत म्हणाले. "तुमची आठवण काढतो आम्ही कारखान्यात. काय हात आहे!"

"हात आहे. नाक तेवढं गेलं."

नवऱ्याने टेबलाखालून तिला पाय लावला. साहेब हसले, पण अर्धंच.

साहेबांच्या बायकोने पावाचा तुकडा काट्याने टोचून भांड्यात फिरवला आणि तोंडाकडे नेला. तेव्हा नाकबाई सहज सांगावं तशी म्हणाली, "तुमच्याच भेटीच्या पेटीतलं चीज आहे हो."

साहेबांनी बायकोचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की काटा ताटलीवर पडून खणखणला.

"अहो, काय करताय?"

"नको. म्हणजे... तुला ॲसिडिटी आहे ना."

"मला कधी होती ॲसिडिटी?"

नाकबाईने पावाचा तुकडा भांड्यात बुडवला, सावकाश खाल्ला, तोंड पुसलं. "खा, घाबरू नका. दुकानातलं आहे. पेटीतलं हे." आणि फ्रीजमधली लादी आणून तिने टेबलाच्या मधोमध ठेवली, अर्धवट सोललेल्या लेबलसकट. "बायकोचा हात धरलात. दीडशे घरांतल्या लोकांचा हात कोण धरणार होतं?"

"वहिनी, हा गैरसमज..."

"वहिनी म्हणू नका मला! एक अक्षर खोडलं नाही म्हणून माझं नाक कापलंत, आणि तोच माल यांच्या हाती माझ्याच घरात पाठवलात."

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून सासूबाई ताठ झाल्या. "म्हणजे माझं पोट त्याने बिघडलं होतं? आणि हा मेला मला म्हातारी म्हणत होता!"

साहेबांची बायको उठली, पर्स घेतली आणि नवऱ्याकडे न बघता जिना उतरली. साहेब तिच्यामागे धावले.

नवरा लादीवरची खालची तारीख वाचत होता. परत परत वाचत होता. "मला माहीत नव्हतं गं. शप्पथ."

"तुला माहीत करून घ्यायचंच नव्हतं," ती म्हणाली. "मी सांगत होते ना आठ महिने? तेव्हा तू पेपर वाचत होतास. त्या माणसाने खोटं बोलून माझं काम घेतलं. तू त्यावर मान डोलावलीस. त्याच्यापेक्षा तुझा जास्त राग येतो मला."



सोमवारी ती लादी घेऊन अन्न तपासणीच्या कार्यालयात गेली. बरोबर पॅकिंगच्या सहा बायका होत्या, प्रत्येकीच्या हातात आपापली पेटी. बुधवारी शीतगृहाला सील लागलं. साहेबांना रजेवर पाठवलं, मग कायमचंच. कारखान्याने नाकबाईला परत बोलावलं. तिने कळवलं, आधी लेखी माफी मागा, नाकाच्या उल्लेखासकट. ती माफी अजून आलेली नाही.

स्टोअरमधून तो माल कोणाच्या हुकमाने बाहेर निघाला, हे नवऱ्याने तपासणी कार्यालयाला लिहून द्यायचं होतं. नोकरी जाईल म्हणून तो तीन दिवस घुटमळला. चौथ्या दिवशी त्याने दोन पानं लिहिली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने ती उभ्यानेच वाचली.

"इथे 'मला वाटतं' लिहिलंयस," ती म्हणाली. "तुला वाटत नाही, हुकूम कोणी दिला ते तू पाहिलंस. पुन्हा लिही."

तो नवा कागद घेऊन बसला.