पेडलखालची ओल

मित्रांनो, खिडकीत दोऱ्यांच्या डब्याशेजारी पडलेला काळपट लोखंडी तुकडा दिसतो ना, तो मी. जुन्या मोटारीच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर. नावात मास्टर असलं तरी आयुष्यभर मला कुणी विचारलं नाही, म्हणून आज बोलून घेतो.

मला भट्टीत ओतलं, आतून तासून गुळगुळीत केलं आणि मोटारीत बसवलं. पेडलवर पाय पडला की माझ्या पोटातला दट्ट्या पुढे सरकायचा, तेल पाइपांतून चाकांकडे जोर लावायचं आणि गाडी थांबायची. दट्ट्यावरच्या रबरी वॉशरांनी तेल अडवून धरायचं, एवढाच काय तो खेळ. बावीस वर्षं मी हूं की चूं केलं नाही. गाडी वेळेवर थांबली की लोक चालवणारीचं कौतुक करायचे. करोत बापडे.

चालवणाऱ्या दोघी. आधी सासूबाई, कारखान्यातून निवृत्त झालेल्या फिटर. गुडघे कुरकुरू लागल्यावर त्यांनी किल्ली सुनेच्या हाती दिली. सून घरोघरी जाऊन आजाऱ्यांकडून व्यायाम करून घेते. गाडीशिवाय तिचं पान हलत नाही.

पुढे माझे वॉशर झिजले. तेल मागून झिरपून पेडलच्या दांड्यावरून चटईवर उतरू लागलं. बॉनेटखाली माझ्या डोक्यावरच्या डबीतलं तेल कमी झालेलं दिसे. सासूबाई गुपचूप भरून ठेवत, कारण सुनेला कळलं तर ती गाडी विकायला काढेल ही धास्ती. आत सुनेला चटई ओली लागे. ती गुपचूप पुसून टाके, कारण लाडक्या गाडीला नावं ठेवली तर सासूबाईंच्या मनाला लागेल. एकमेकींना जपता जपता दोघींनी मला वाऱ्यावर सोडलं.

एका सकाळी उतारावर सुनेने पाय दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. मित्रांनो, मी जीव तोडून तेल धरू पाहिलं, पण धरवेना. तिने हँडब्रेक ओढला. रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी टेम्पोवर चढून घरी आली. सून म्हणाली, गाडी भंगारात द्यायची. बोलता बोलता ओल्या चटईची गोष्ट निघाली आणि सासूबाईंचा चेहरा उतरला.

"डबी मी भरत होते," त्या म्हणाल्या. "तेल जातं कुठे, हे बघितलं नाही. चूक माझी. आता मीच दुरुस्त करणार. नाही जमलं, तर खुशाल दे भंगारात."

रविवारी त्यांनी अंगणात कंबर कसली. माझे नट गंजून घट्ट बसले होते. मी हट्टी, पण त्या माझ्याहून हट्टी. हळूहळू ठोकून त्यांनी मला सोडवलंच. मला पेडलशी जोडणारी पिन मात्र पेडलखाली शिरून काढायची होती आणि गुडघे वाकेनात. सून पाय दाराबाहेर टाकून गाडीत आडवी झाली.

बाजारातून आणलेल्या नव्या सिलिंडरमध्ये टेबलावरच तेल भरून त्यांनी हवा काढली आणि मग त्याला माझ्या जागी बसवलं. पुढे चाकांपर्यंतच्या पाइपांतली हवा. सून पेडलवर, सासूबाई चाकाजवळच्या हवा सोडायच्या स्क्रूशी. दाब, धर, सोड. चारही चाकं झाली तरी पेडल मऊच. सून कंटाळली. सासूबाई म्हणाल्या, हवा उरली तर ब्रेकचा भरवसा नाही, आणि पुन्हा लांबच्या चाकापासून सुरुवात केली. तिसऱ्या फेरीला पेडल टणक झालं.

अंगणात दहा वेळा थांबवून पाहिल्यावर उताराची पाळी आली. सून म्हणाली, "आई, तुम्ही उतरा. मी एकटी बघते."

सासूबाईंनी पट्टा लावला. "हात माझा लागलाय. तू एकटी कशी जाशील?"

अंगणातून मला दिसत होतं, उतार रिकामा होता. गाडी अर्ध्यावर गेली आणि थांबली. तशीच थांबून राहिली. मला नव्याचा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना ओरडता येत नाही. काही कमी पडलं तर नुसतं भरू नका, काही ओलं दिसलं तर नुसतं पुसू नका. घरात सांगा. आता दर रविवारी सासूबाई बॉनेट उघडतात, सून पेडलखाली हात घालते, आणि मी इथे कान देऊन असतो.

"डबी भरलेली आहे गं."

"चटई कोरडी आहे, आई."