वहिनींसमोर तीन मिनिटं

शिक्केवाला हरला. पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चला, कारण त्याला स्वतःला ते अजून मान्य नाही.

तर, बुद्धिबळाच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती या डावावर ठरणार होती. दोघांना तीन-तीन मिनिटं; खेळी करून घड्याळाचं बटण दाबलं की आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते. समोर त्याच्या थोरल्या वहिनी. धंद्याने शिंपीण, सुईत दोरा ओवताना असतात तितक्याच शांत. शिक्केवाला एकोणीस वर्षं नोंदणी कचेरीत कागदांवर शिक्के मारत होता, आणि आजवर त्याला कुणी कसल्याच संघात घेतलं नव्हतं. शाळेच्या कवायतीतसुद्धा तो राखीव होता.

त्याने वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि हाताच्या सवयीने घड्याळाच्या बटणावर दणका दिला. घड्याळ उडून थेट वहिनींच्या मांडीत.

"भावजी, प्याद्यालाच एवढा जोर? वजीर निघाला की मी टेबलाखाली बसू का?"

पंचांनी घड्याळ जागेवर ठेवलं. "पुन्हा आपटलंत तर डाव गेला समजा."

झालं. राजाचं काय व्हायचं ते होवो, आता त्याला स्वतःच्या हाताची धास्ती. प्रत्येक खेळीनंतर तो बटण असं दाबी, जणू शेजारी तान्हं बाळ नुकतंच झोपलंय. घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. पुसायला वेळ नव्हता. आणि तरीही, कसं कोण जाणे, वहिनींचा वजीर कोपऱ्यात सापडला.

त्याने घोड्याने वजीर मारला, बटणाला अलगद बोट लावलं आणि श्वास सोडला. त्याचे अकरा सेकंद उरले होते.

वहिनी हाताची घडी घालून पटाकडे बघत राहिल्या.

"करा विचार, वहिनी. घाई नाही."

"मला कुठे आहे?"

बिचाऱ्या, त्याला वाटलं. घरी दादाला काय तोंड दाखवतील? त्याला भरूनच आलं.

"वेळ संपली," पंच म्हणाले.

"वहिनींची?"

"तुमची. बटण दबलंच नव्हतं."

"अहो वहिनी, सांगायचं तरी!"

"डाव चालू असताना बोलू नये, भावजी."

त्याच संध्याकाळी त्याने पंचांच्या नावे अर्ज लिहिला: 'सबब, सदर अकरा सेकंद अर्जदाराने वहिनींची काळजी करण्यात खर्च केले असल्याने ते त्यांच्या वेळेतून वळते करून घ्यावेत आणि अर्जदारास संघात सामावून घेण्यात यावे, ही विनंती.'