भूषणच्या टिपा

आयटी म्हटलं की लोकांना हिंजवडीच्या काचा आठवतात. तेजस्विनीच्या ऑफिसलाही काचा होत्या, पण मार्केट यार्डच्या मागच्या गल्लीत, मसाल्याच्या गोदामाच्या वर. त्यामुळे त्या काचांवर बारा महिने हळदीचा थर असे आणि नवा माणूस आला की पहिला आठवडा नुसता शिंकत असे. इथली मंडळी आडत्यांसाठी प्रोग्राम बनवत. कोणाचा माल आला, किती गोण्या, किती वजन, एवढाच कारभार. चाललं होतं बरं. मग बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली आणि तिकडून पहिलं फर्मान आलं, की कोडमधल्या सगळ्या मराठी टिपा काढून टाका.

टीप म्हणजे काय, तर प्रोग्राम लिहिणारा दोन तिरप्या रेघा मारतो आणि पुढे माणसाच्या भाषेत काहीतरी लिहितो. संगणक ती ओळ वाचत नाही. ती असते मागून येणाऱ्या माणसासाठी. या ऑफिसात असल्या टिपांचं पीक होतं. ‘कांद्याची गोण पन्नास किलोची धरली आहे, कोणी शहाणपणा करू नये.’ ‘हे का चालतं माहीत नाही, पण चालतंय, हात लावू नका.’ बंगळुरूला हा विनोद कळणं शक्य नव्हतं.

“तेजू, भूषणचं मॉड्यूल तू घे,” टीम लीड ऋषी म्हणाला. “तुलाच त्यातलं जास्त माहितीये. एक पॅटर्न लिही, रिप्लेस ऑल मार, विषय संपला. जुन्या कॉपीज पण उद्या पुसायच्यात.”

ऋषी काही दगड नव्हता. त्याला माहीत नव्हतं, इतकंच. कोणालाच माहीत नव्हतं. बुद्धभूषण दिवाळीच्या आधी डेंग्यूने गेला, तेव्हा ऑफिसमध्ये सगळेच रडले. तेजस्विनी त्या सगळ्यांत मिसळून रडली, सगळ्यांएवढीच, जास्त नाही. दोन वर्षं ज्याच्याबरोबर लग्नाच्या गोष्टी केल्या, त्याच्यासाठी मोजूनमापून रडायचं, यासारखी शिक्षा नाही. ती तिने स्वतःच स्वतःला दिलेली होती.

तिचं घर मांजरी गावातलं. गाव शहरात आलं, शेताचे प्लॉट झाले, वडील सर्जेराव यांच्या दारात दोन गाड्या आल्या. सर्जेराव सगळ्या जातीधर्माच्या माणसांना ओसरीवर बसवून अगत्याने चहा पाजत. पण चहा पाजणं वेगळं आणि मुलगी देणं वेगळं, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं आणि बोलून दाखवायची गरजही नव्हती. भूषण मंगळवार पेठेतला, आंबेडकरी घरातला, आईचा एकुलता एक. “आधी दादाचं लग्न होऊ दे,” तेजस्विनी म्हणायची. दादाचं, म्हणजे पृथ्वीराजचं लग्न काही केल्या जमत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते लांबलं की तिला मनातून बरंच वाटायचं.

ऑफिसात कोणाला सुगावा लागू नये म्हणून भूषणने एक युक्ती काढली होती. तो तिच्यासाठी कोडमध्येच टिपा लिहायचा. बाकीच्यांच्या टिपा नुसत्या दोन तिरप्या रेघांनी सुरू होत. तिच्यासाठी असलेली टीप तो शेवटालाही दोन रेघा मारून बंद करायचा. “दार उघडलं की लावून घ्यावं माणसाने,” असं म्हणायचा. मग ऑफिसच्या चॅटवर तिला एक पॅटर्न, म्हणजे शोधाचा साचा, यायचा: रेघांच्या मधे टिपेतला एखादा शब्द, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना ठिपका आणि चांदणी. ठिपका म्हणजे कोणतंही एक अक्षर, आणि ठिपक्यापुढे चांदणी म्हणजे तशी कितीही अक्षरं. पाहणाऱ्याला वाटावं, कामाचं चाललंय. ती तो पॅटर्न एडिटरच्या शोधपट्टीत टाकायची आणि शेकडो फायलींमधून एकच ओळ पिवळी होऊन वर यायची:

// तेजू, सहा वाजता मंडईत लिंबू सरबत. ऋषीला टांग मार //

ऋषीला अशा किती टांगा बसल्या, ते त्या बिचाऱ्याला अजूनही ठाऊक नाही.

भांडण झालं ते ऑफिसच्या जिन्यात. भूषण म्हणाला, “एकदा आईला भेटायला चल. नुसती चहाला चल.” ती म्हणाली, दादाचं लग्न. तो म्हणाला, “तुला आईला भेटायचंच नाहीये. तसं सरळ सांग ना.” त्यावर ती उसळली, चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी.

“आणि तू? तू तरी सांगितलंयस का तुझ्या आईला? मला भित्री म्हणतोस, तू कोण मोठा शूर लागून गेलास?”

त्याचे डोळे लाल दिसत होते. तिला वाटलं, रागाने. दुसऱ्या दिवशी तो सकाळी थोडा वेळ येऊन, काहीतरी टाइप करून, ताप आहे म्हणून घरी निघून गेला. ती त्याच्याकडे बघितल्यासारखं न करता बसून राहिली.

नंतर हॉस्पिटलमधून त्याचा मेसेज आला. ऑफिसचं चॅट त्याच्या फोनवर नव्हतं, म्हणून व्हॉट्सॲपवर. ‘सर्च कर,’ आणि खाली पॅटर्न. तिला तो फोनवर असा दिसला: दोन तिरप्या रेघा, ठिपका, मग ठसठशीत जाड अक्षरांत ‘आई’, पुन्हा ठिपका, पुन्हा दोन रेघा. तिने तो बघून बघून लॅपटॉपवर टाइप केला. एडिटर म्हणाला, काही सापडलं नाही. एवढी कामात मुरलेली मुलगी, एरवी तिला घोळ चुटकीसरशी कळला असता. पण चिडलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. तिला फक्त ते जाड ‘आई’ दिसलं. हॉस्पिटलात पडून सुद्धा हा टोमणाच मारतोय, असं तिला वाटलं.

तिने लिहिलं: ‘काही नाही सापडलं. आणि आई जाड अक्षरांत लिहून मला सुनावायची गरज नाहीये.’

मेसेजपुढच्या दोन खुणा निळ्या झाल्या. म्हणजे त्याने वाचलं. उत्तर आलं नाही. त्याच रात्री त्याला आयसीयूत नेलं, आणि तिथून तो परत आला नाही. तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं हे असं झालं.

सगळं ऑफिस मिळून त्याच्या घरी भेटायला गेलं होतं. खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली पांढऱ्या फुलांत भूषणचा फोटो, ऑफिसच्याच सहलीतला, तेजस्विनीने काढलेला. त्याची आई, हिराबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. महापालिकेत कारकुनी करून निवृत्त झालेल्या, ताठ कण्याच्या बाई. एकेक जण पुढे होऊन नाव सांगत होता. “मी तेजस्विनी,” म्हटल्यावर त्यांनी तिचा हात धरला आणि तो सोडला नाही.

“तुझी आणि त्याची चांगली ओळख होती ना गं?”

मागे ऋषी उभा होता. सगळेच उभे होते. मांजरीपर्यंत बातमी जायला किती वेळ लागतो?

“नाही म्हणजे… एकाच टीममध्ये होतो. कामापुरती,” तेजस्विनी म्हणाली.

“बरं,” हिराबाई म्हणाल्या, आणि त्यांनी हात सोडला. त्या हाताची ऊब तेजस्विनीच्या तळहाताला नंतर कितीतरी दिवस जाणवत राहिली, आणि प्रत्येक वेळी स्वतःची किळस आली.

त्यानंतर भूषणच्या फायली उघडायचा तिला धीर झाला नव्हता. आता कामच अंगावर आलं होतं. दुपारी जेवणानंतर, खाली हमाल मिरचीची पोती उतरवत असताना, तिने शोधपट्टी उघडली आणि लिहिलं:

// .* //

दोन रेघा, मधे काहीही, कितीही, आणि शेवटी दोन रेघा. भूषण गेल्यावर हा पॅटर्न सुचायला अवघड होता असं नाही. पण तिला वाटत होतं, जे होतं ते आपण सगळं वाचलंय, नवं काही उरलेलं नाही.

बाजूच्या पट्टीत ओळी उतरत आल्या. रिप्लेस ऑल दाबलं असतं तर एका क्षणात सगळं साफ झालं असतं. तिने ते दाबलं नाही. एकेक उघडायची, वाचायची, पुसायची. ‘तेजू, आज निळा ड्रेस, म्हणजे पगार झालेला दिसतोय.’ पुसली. ‘तेजू, कसब्यात एक खोली बघितली. भाडं ऐकून परत आलो.’ पुसली. ‘तेजू, तू हसलीस की ऋषीला बग सापडल्यासारखं वाटतं, जपून हस.’ ही वाचून तिला हसू आलं आणि लगेच हुंदका आला. तिने तो हळदीच्या नावावर खपवला.

मग ती ओळ आली. ही तिने कधीच वाचली नव्हती.

// तेजू, काल रात्री आईला सगळं सांगितलं. रागावली नाही. म्हणाली, पोरीला घाई करू नकोस, तिच्याही घरात माणसं आहेत, येईल तेव्हा येईल. आता मी भित्रा नाही //

तिने ती वाचली. पुन्हा वाचली. मग फोन काढला, व्हॉट्सॲपमधला त्याचा तो शेवटचा मेसेज कॉपी केला आणि खाली मेसेज लिहायच्या रिकाम्या चौकटीत चिकटवला. आणि तिथे, ‘आई’च्या दोन्ही बाजूंना, चांदण्या उगवल्या. फोनवर दोन चांदण्यांमध्ये लिहिलेला शब्द जाड होतो आणि चांदण्या दिसेनाशा होतात. हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. भूषणने टोमणा मारलाच नव्हता. त्याने नेहमीसारखा पॅटर्न पाठवला होता, तापाने फणफणत असताना त्याच्याही ते ध्यानात आलं नाही. चांदण्या फोनने खाल्ल्या, ठिपके एकेका अक्षरापुरते उरले, आणि राग तेजस्विनीने केला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे वळसा घालायलाही ती उठली नव्हती.

पण त्याहून वाईट गोष्ट तिच्या मागाहून ध्यानात आली. आईला सगळं सांगितलं होतं. म्हणजे त्या दिवशी हात धरून विचारताना हिराबाईंना सगळं माहीत होतं. त्या विचारत नव्हत्या, त्या तिला जागा करून देत होत्या. आणि ती म्हणाली, कामापुरती.

“झालं का गं?” ऋषीने पलीकडून विचारलं.

“एक राहिलंय.”

“एकासाठी काय मुहूर्त बघतेस?”

तिने ओळ मनातल्या मनात म्हणून पाहिली, कुठेही अडखळली नाही, आणि मग पुसली. पट्टीवर आलं, काही सापडलं नाही. तिने लॅपटॉप मिटला, ऋषीला “डोकं दुखतंय” म्हणाली आणि तडक मंगळवार पेठ गाठली. वाटेत तिने दोनदा गाडी कडेला घेतली, आणि दोन्ही वेळा परत फिरावंसं वाटलं.

दार हिराबाईंनीच उघडलं. त्यांनी ओळखलं, पण ये म्हणाल्या नाहीत. नुसत्या बाजूला झाल्या. पाणी दिलं. समोर बसल्या.

“कामापुरती ओळख होती म्हणालीस,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर सोपं गेलं असतं. “आज काय काम काढलंस?”

तेजस्विनीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“त्याने मला तुझ्याबद्दल सांगितलं होतं. तू काय खातेस, कशी चिडतेस, सगळं. मी पण वेडी, तुझ्यासाठी साडी बघून ठेवली मनात. मग तू आलीस आणि म्हणालीस, काही नव्हतं. तेव्हापासून मी इथे बसून एकच विचार करते, की माझं लेकरू माझ्याशी खोटं बोलून गेलं. कधी बोलला नव्हता गं जन्मात. जाताना कशाला बोलला असेल? पोरीचा नाद एकतर्फी असेल, लाजून बोलला असेल, तापात बरळला असेल. त्याच्या फोटोकडे सरळ बघवत नाही मला.”

“तो खोटं नाही बोलला,” तेजस्विनी म्हणाली. “मी बोलले. सगळे उभे होते, मी घाबरले. खोटं मी बोलले, आई.”

हिराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता, आणि तेजस्विनीला त्याचं वाईट वाटलं नाही. तिने तेवढं कमावलंच होतं. तिच्याजवळ दाखवायला फोनमधला तो एक पॅटर्न आणि खालचं स्वतःचं टोचरं उत्तर, एवढंच होतं. मग तिने डोळे मिटले आणि पाठ केलेली ओळ म्हटली, सुरुवातीच्या तेजूपासून. ‘पोरीला घाई करू नकोस, तिच्याही घरात माणसं आहेत, येईल तेव्हा येईल’ इथपर्यंत ती आली, आणि हिराबाईंचा हात तोंडावर गेला.

“हे मी त्याला ओट्याशी म्हणाले होते,” त्या म्हणाल्या. “तो ताटावर बसलेला होता. तिसरं कोणी नव्हतं घरात.”

मग हिराबाईंनी मान वळवून, पांढऱ्या फुलांतल्या फोटोकडे पाहिलं, आणि पाहतच राहिल्या.

“पुन्हा म्हण,” त्या म्हणाल्या. “सावकाश म्हण.”