पूरनिधीतला बँड

पूर ओसरला आणि संस्थेकडे देणग्यांचा ओघ सुरू झाला. खजिनदारबाई कामाला कडक. घरांसाठी आलेला पैसा घरांना, औषधांसाठी आलेला औषधांना. इकडचं तिकडे खपवून घ्यायच्या नाहीत. अशात दातांच्या एका निवृत्त डॉक्टरबाईंची घसघशीत देणगी आली. सोबत अट एकच: पुरात वाहून गेलेली गावच्या बँडची वाद्यं घ्यायची, दुसरं काही नाही.

खजिनदारबाईंनी कपाळाला हात लावला आणि तडक डॉक्टरबाईंचं घर गाठलं.

"अहो, लोकांच्या डोक्यावर पत्रे नाहीत आणि आम्ही पिपाण्या वाटायच्या?"

"पत्र्यांना पैसे देणारे पुष्कळ आहेत गं," वयाने थोरल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण मला कशाला विचारतेस? गावकऱ्यांनाच विचार. ते नको म्हणाले, तर माझी अट रद्द."

खजिनदारबाईंना हायसं वाटलं. त्यांनी गावच्या शाळेत सभा बोलावली, ओल्या भिंतींना पाठ न टेकता सगळा मामला समजावला आणि म्हणाल्या, "पैसा पत्र्यांना जावा, असं वाटणाऱ्यांनी हात वर करा."

एकही हात हलेना.

"ताई, पत्रे मंजूर झालेत ना?" बेकरीवाल्याने विचारलं.

"झालेत. पुढच्या आठवड्यात येतील."

"मग झालं तर. चिखल उपसून उपसून अंगं आंबली आमची. आता जरा धिंगाणा होऊ द्या."

सगळी शाळा हसत सुटली. बाईंनी ओठ घट्ट मिटले, तर हसू नाकातून फुटलं.

वाद्यं आली त्या दिवशी बाई माल तपासायला हजर होत्या. सराव पार मोडलेला. बेकरीवाल्याच्या ट्रम्पेटमधून म्हैस हंबरली. मोठा ड्रम वाजवणाऱ्या न्हाव्याचा हात प्लास्टरमध्ये. त्याने ड्रमचा पट्टा सरळ बाईंच्याच गळ्यात अडकवला.

"मला नाही येत हो."

"इथे कुणाला येतंय? हाणा बिनधास्त."

बाईंनी हाणला. छातीत असं काही दणाणलं की दुसरा ठोका आपोआप पडला, तिसरा तर जोरातच. बँड चिखलाच्या गल्लीत उतरला. मागे खांद्यावर फावडी टाकून बायका नाचतायत, म्हातारे पातेली बडवतायत. तेवढ्यात बाईंच्या नवऱ्याचा फोन आला.

"अगं, कुठे आहेस? कसला हा गोंधळ?"

"कामात आहे मी," बाई ओरडल्या आणि फोन पर्समध्ये कोंबला.

संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर परत निघायचं म्हणून केव्हाचा हॉर्न वाजवत होता. बाई गाडीपाशी आल्या, घामाने निथळत.

"दादा, हॉर्न छान आहे," त्या म्हणाल्या, "फक्त जरा तालात वाजवा," आणि वळून दुसऱ्या गल्लीत शिरल्या.