चराची गळती

गोपाळकृष्णांनी एकतीस वर्षं कालव्याच्या कचेरीत कारकुनी केली. पाणी झिरपलं की कुणाचा तरी खुलासा मागवायचा, हे शास्त्र त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. आता ते क्रीडा मंडळाचे चिटणीस होते.

मंडळाची जुनी खेळाडू कादंबरी आता इंजिनिअर झाली होती. मैदानाच्या उताराच्या बाजूला तिने लांब चर खणून घेतला, तळाशी खडी-वाळू घातली आणि वर वाळ्याचं गवत लावलं. मैदानातलं पाणी रस्त्यावर न धावता चरात उतरावं, अशी योजना. गोपाळकृष्ण रोज काठी बुडवून पाणी मोजत. संध्याकाळी वीतभर, सकाळी ठणठणाट!

कादंबरी कामासाठी नाशिकला गेली, तशी त्यांनी संधी साधली. मैदान सांभाळणाऱ्या सर्जेरावांकडून वाळा उपटवला, चरात जाड प्लॅस्टिक अंथरवलं.

"आता थेंब जाणार न्हाई, अण्णा," सर्जेराव म्हणाले.

खरोखरच गेला नाही. शुक्रवारच्या पावसानंतर शनिवारी सकाळी चर तुडुंब आणि मैदानात घोटाभर पाणी. रविवारी मुलींचे खो-खोचे सामने. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत मैदान तयार नसेल, तर सामने पलीकडच्या पेठेतल्या मंडळाकडे जाणार होते. तिथल्या चिटणिसांचा सकाळीच फोन आला, "ऐकलं, तुमच्याकडे नौकानयन आहे?"

तेवढ्यात कादंबरी पोचली.

"काका, हे काय?"

"गळती थांबवली."

"कसली गळती?"

"रोज पाणी नाहीसं होत होतं. मी स्वतः मोजलंय."

"अहो, ते जमिनीत मुरत होतं! त्याचसाठी तर चर खणला."

"मग तशी पाटी लावायची. पुण्यात राहतेस ना?"

एवढं सुनावून त्यांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते स्वतः चरात उतरले. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला सर्जेराव. प्लॅस्टिक टराटर निघालं. पाणी आधी बुडबुडलं, मग हळूहळू उतरू लागलं. मैदानातलं पाणीही मागोमाग चराकडे निघालं. कादंबरीने उपटलेला वाळा पुन्हा रोवायला घेतला. दर अर्ध्या तासाला गोपाळकृष्ण काठी बुडवत आणि पाणी घटलं की लग्नघरच्या यजमानासारखे खुलत. दुपारी सर्जेरावांनी कोरडी माती पसरून रोलर फिरवला.

पावणेपाचला गोपाळकृष्णांनी मैदानाच्या मधोमध टाच आपटून पाहिली. रुतली नाही. त्यांनी पलीकडच्या मंडळाला फोन लावला.

"उद्या अवश्य या," ते म्हणाले, "प्रेक्षक म्हणून. आणि बसायला आपापलं आणा."