धडाम केवढं लिहायचं

टिण् — भर दुपारच्या शांततेत एवढासा आवाज झाला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. फरशीवर स्टेपलरची पिन पडली होती, गंजून तांबूस झालेली, दोन्ही पाय आत मुडपलेली. पंचवीस वर्षं हातातल्या जुन्या कॉमिकच्या पाठीत गुमान बसून होती, आणि आज सुटली ती बोलूनच सुटली. तिला तो आवाज ऐकू यायच्या आधी दिसला — बारीक, तिरक्या अक्षरांत, फरशीच्या बोटभर वर तरंगणारा. तिचं हे असंच होतं. दार आपटलं की जाड काळी अक्षरं, कडांना काटे आलेली. नळ ठिबकला की टप, मग बरीच रिकामी जागा, मग पुन्हा टप. नवरा म्हणायचा, "तुझ्या डोक्यात छापखाना आहे, आणि मालक पळून गेलाय."

ती कानोसा घेत बसली. आतल्या खोलीत भिंगरी झोपली होती. साडेपाच वर्षांची, जागी असली की एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी, आणि झोपली की बटण बंद केल्यासारखी. दीड तास तरी उठणार नाही. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या सुट्टीतला हा दीड तास, ज्यात खरं तर ती काहीच करत नसे, नुसती पालथी पडून कॉमिक वाचत असे... आज तीच कॉमिकं टेबलफॅनच्या रिकाम्या खोक्यात भरायची होती. मग खोकं चिकटपट्टीने बंद करून माळ्यावर. तसा भिंगरीच्या शाळेतल्या बाईंना शब्द दिला होता.

बाई काही वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत. वाईट असत्या तर भांडता आलं असतं. काल शाळा सुटल्यावर त्यांनी तिला लहान मुलांच्या त्या बुटक्या खुर्चीत बसवलं — गुडघे हनुवटीला लागले, आणि तेवढ्यानेच तिचं निम्मं अवसान गळालं.

"मुलगी हुशार आहे हो तुमची, त्यात वादच नाही. पण ती वाचत नाही. बनवते."

"बनवते म्हणजे?"

"हे बघा." बाईंनी वाचनाच्या पुस्तकाचं पान उघडलं. डबकं, मुलगा, खाली ओळ — मुलगा पाण्यात उडी मारतो. "हिने काय वाचलं माहितीये? 'छपाक! अगं आई गं, नवे बूट!' सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू? पण चित्रावर हात ठेवला, की मुलगी मुकी."

मुकी. बाई सहज बोलून गेल्या. त्यांना काय माहीत.

"घरी चित्रांची पुस्तकं फार आहेत का?"

"माझी आहेत," ती म्हणाली, आणि तो आवाज तिला पिंजऱ्यातल्या आरोपीसारखा वाटला. "कॉमिक्स."

"सहा महिने नजरेआड करा. अक्षरांशी गट्टी झाली की मग खुशाल काढा. मुलीच्या भल्याचंच सांगतेय ना मी?"

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होते मी? कारण चूक भिंगरीची नव्हतीच. कॉमिकमधल्या बोलण्याच्या फुग्यावर बोट ठेवून "आता ही काय म्हणत असेल, सांग बरं?" हा खेळ कुणी लावला? भिंगरी दोन वर्षांची असल्यापासून फुगे झाकणारं ते बोट कुणाचं होतं? घरी येताना ती पोरीला आधी, स्वतः कामाला होती त्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली, डॉक्टरांसमोर बसवून डोळे तपासून घेतले. नंबर असता तर किती बरं झालं असतं! आईने पोरीच्या डोळ्यांत दोष निघावा म्हणून आशा धरायची... पण डोळे ठणठणीत.

फोन थरथरला — गुर्रर, उशीखाली दाबल्यासारखा. नवरा लिफ्टची दुरुस्ती करतो. जेवणाच्या सुट्टीत कुठल्या तरी गच्चीवरून बोलत होता, मागे वारा.

"झाली का हकालपट्टी?"

"अर्धी."

"म्हणजे वाचत बसलीयेस."

"नाही रे. भरतेय."

"सहा महिने म्हणजे काही जन्मठेप नाही, राणी. आणि नको वाटत असेल तर नको भरूस. बाईंशी मी बोलतो."

"तू काय बोलणार?"

"सांगेन, बायको ऐकत नाही. निम्मं जग हेच सांगून सुटतं."

ती हसली, आणि फोन ठेवल्यावरही हसू तोंडावर नुसतंच राहिलं. नको तर वाटतच होतं. पण भिंगरी वाचायला शिकली नाही तर? दुकानात रोज माणसं येतात, तक्त्यासमोर बसतात. वरचं मोठं अक्षर सगळ्यांना दिसतं. ओळी बारीक होत जातात तशी माणसं पुढे झुकतात, अंदाज बांधतात, चुकीचं अक्षर ठासून सांगतात. आपली पोर आयुष्यभर अशी अंदाजाने... तिने पुढचा गठ्ठा उचलला.

या गठ्ठ्यातल्या पुस्तकांच्या कडांना शिवणयंत्राच्या तेलाचे डाग होते.

तिची आई घरीच कपडे शिवायची. ती सात वर्षांची असताना आईला मोठा ताप आला, आणि उतरला तो दोन्ही कान घेऊन. घरात कुणी रडलंबिडलं नाही. वडील फक्त मोठ्याने बोलायला लागले, आणि आई नुसती हसून मान हलवायला लागली — समजल्यासारखी. ते काही न कळलेलं हसणं तिला ओळखता यायचं. मग एका संध्याकाळी ती आईच्या मांडीला टेकून कॉमिक वाचत होती, आणि चित्रात एक कपाट जिन्यावरून गडगडत होतं, पानभर धडाम. आईचा हात वरून आला. एका अक्षरावरून दुसऱ्या अक्षरावर बोट फिरवत आई म्हणाली, "बाई गं! केवढ्यांदा पडलं हे."

केवढ्यांदा! आईने मोजलं होतं, अक्षराच्या उंचीवरून. त्या दिवसापासून घरभर चिठ्ठ्या लागल्या. दारावर टकटक. नळावर टप टप. शिवणयंत्रावर खडखडखड, आणि यंत्राला तेल पाजल्यावर आईने विचारलं, "आता?" तेव्हा जुनी चिठ्ठी काढून बारीक अक्षरांत खुडखुड. बाहेर आई भलत्याच मोठ्याने बोलायला लागली, की ती तिच्या तळव्यावर करंगळीने टिंब काढायची — म्हणजे लहान अक्षर कर. माणसं वळून बघायच्या आत. काही वेळा मात्र तिने टिंब काढलं नाही. दोन पावलं मागे राहून, ही बाई आपली कुणी नाही अशी चालली... ते एक राहूनच गेलं आईला सांगायचं.

लोक विचारतात, एवढी मोठी झालीस आणि कॉमिकं कसली वाचतेस गं? मारामारी आवडते का, की ते उडणारे हिरो? ती म्हणते, टाइमपास. कसं सांगायचं, की त्या चौकटींमध्ये बोलणाऱ्याच्या तोंडाला शेपूट जोडलेलं असतं, कोण बोललं याचा घोळ नसतो. मनातलं असेल तर ढगात असतं, आणि तेही सगळ्यांना दिसतं. आमच्या घरात तेवढं एकच पुस्तक होतं, जे आईला आणि मला सारखंच ऐकू येत होतं.

तेरा-चौदाची झाली तेव्हा आईने एकदा, कपडे उसवता उसवता, मान वर न करता विचारलं होतं, "तुझा आवाज आता कसा झालाय गं? बदलला असेल ना?" आणि ती तिचं सगळं भांडार उपसून बसली होती. राक्षसाचे फुगे काटेरी, भुताचे थरथरते, राणीचे वळणदार. आपल्यासारखा एकही सापडेना. शेवटी तिने एक साधा गोल फुगा काढला आणि आत लिहिलं — जरासा तुझ्यासारखा. आईने ती चिठ्ठी कुठेच चिकटवली नाही. ब्लाउजच्या आत ठेवून दिली.

खोकं भरलं. चिकटपट्टीचं टोक तिच्या बोटाला चिकटून होतं, तेवढ्यात दारात भिंगरी उभी, एका गालावर उशीची घडी उमटलेली.

"हे सगळे कुठे चाललेत?"

"माळ्यावर. थोडे दिवस."

"का? यांनी काय केलं?"

"काही नाही केलं गं."

"मग शिक्षा कशाला?"

भिंगरी खोक्याशी फतकल मारून बसली आणि सगळ्यात वरचं पुस्तक तिने ओढलं — उंच इमारतींच्या खिडक्या पुसणारी ती बाई, जी फडकं कंबरेला खोचून लोकांना वाचवते. दोर तुटतो ते पान. तिच्या जिभेवर नेहमीचा प्रश्न आलाच होता — आता ही काय म्हणत असेल, सांग बरं? बोट पुढे झालंही होतं. तिने ते मागे घेतलं आणि हात मांडीखाली दाबून ठेवला. हे इतकं जड जाईल असं तिला वाटलं नव्हतं.

पान शांत होतं. भिंगरीचं बोट चित्रावर फिरलं, थांबलं, आणि मग इमारतीच्या कडेने उतरणाऱ्या मोठ्या अक्षरांवर आलं.

"स... र... र... र."

हे भिंगरीने चाळीस वेळा ऐकलंय, ती स्वतःला म्हणाली. हे पाठ आहे. उगाच हुरळू नकोस.

बोट खाली घसरलं. अगदी तळाशी, रस्त्यावर मुंगीएवढा एक माणूस वर बघत होता, आणि त्याच्या तोंडाशी तांदळाएवढा फुगा. तो तिने पोरीला कधीच वाचून दाखवला नव्हता. वाचण्यासारखं त्यात काही नव्हतंच. भिंगरी वाकली. नाक पानाला लागलं. ओठ हलले, आवाज न करता, पुन्हा हलले.

"अ... रे."

तेच होतं. तेच लिहिलं होतं. की पडणारं माणूस बघून कुणीही अरे म्हणेल? बाई म्हणाल्या असत्या, बनवते. असेलही. पण ते ओठ... आधी मुक्याने हललेले ते ओठ तिने बघितले होते, आणि ओठ बघून समोरच्याला खरंच कळलं की नाही ते ओळखण्यात तिचं सगळं लहानपण गेलं होतं. छातीत काहीतरी उघडत गेलं, हळूहळू, कुठलाही आवाज न करता. त्याला कुठलं अक्षर लावायचं ते तिला सुचेना. खोकं वर जावं की राहावं, बाईंना काय सांगायचं, यातलं काहीच ठरलं नव्हतं, आणि तरी कालपासूनची ती भीती आता नेमकी कुठे होती ते तिला सापडत नव्हतं.

भिंगरीने पुस्तक मिटलं. पुन्हा उघडलं, हळूच, आत कुणी झोपलेलं असावं तसं. पुन्हा मिटलं. मग खोक्याकडे बघितलं, वर माळ्याकडे बघितलं, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली,

"आई, आपण हिला मिटून तिकडे वर ठेवलं, तर ही तोपर्यंत पडतच राहणार का?"